हाइन्झने औषध चोरावं का, आणि एमीला मार्क कमी का पडले?

मृद्गंध

डी.एल.एड.च्या मुलांना बालमानसशास्त्र शिकवते. शिक्षक पात्रता परीक्षा, मग ती टीईटी असो की सीटीईटी, कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या सिद्धांतावर एखादा प्रश्न हमखास येतो. त्यामुळे 'तीन स्तर, सहा अवस्था' मुलं पाढ्यासारखं म्हणून दाखवतात. त्यापुढे कोणी जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांचा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली शिकागो विद्यापीठात पीएचडी केली. १०, १३ आणि १६ वर्षांच्या ७२ जणांना त्याने पेचाच्या गोष्टी सांगितल्या आणि प्रश्न विचारले. सगळ्यात गाजली ती हाइन्झची गोष्ट. युरोपातल्या एका गावात एक बाई कॅन्सरने मरायला टेकली आहे. गावातल्याच औषधवाल्याने एक औषध शोधलंय. त्यातल्या रेडियमला त्याचे २०० डॉलर जातात, मागतो मात्र २०००. नवरा, म्हणजे हाइन्झ, उसनेपासने करून १००० जमवतो. म्हणतो, स्वस्तात दे नाहीतर उरलेले मागाहून घे. औषधवाला ऐकत नाही. हाइन्झ रात्री दुकान फोडतो. बरोबर केलं का?

हो की नाही याला मार्क नाहीत, 'का' याला आहेत. 'पकडला तर तुरुंगात जाईल' ही पहिली अवस्था. 'बायको वाचली तर त्याच्याच उपयोगी पडेल' ही दुसरी. 'चांगल्या नवऱ्याने एवढं करायलाच हवं' ही तिसरी. 'असं जो तो करायला लागला तर कायद्याला अर्थ काय' ही चौथी. पाचवीतला माणूस म्हणतो की कायदा माणसांनी आपापसात ठरवलेला आहे, तो जगण्याच्या हक्काच्या आड येत असेल तर बदला. सहावी सार्वत्रिक तत्त्वांची. तिथे कोलबर्ग गांधीजींचं आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव घ्यायचा, पण प्रत्यक्ष मुलाखतींत तिथवर पोचलेली माणसं सापडेनात, तेव्हा गुणांकनाच्या पुस्तिकेतून ती अवस्थाच काढून टाकली.

आता गंमत. ते ७२ जण सगळे मुलगे होते. त्यातल्याच बहुतेकांच्या मागे पुढे वीस वर्षं दर तीन-चार वर्षांनी जाऊन मुलाखती झाल्या आणि त्यावरून मोजपट्टी पक्की झाली. मग ती बायकांना लावली तर बऱ्याच अभ्यासांत बायका तिसऱ्या अवस्थेवर अडकलेल्या दिसू लागल्या.

हार्वर्डमध्ये कोलबर्गबरोबर काम केलेल्या कॅरल गिलिगनने १९८२ च्या पुस्तकात विचारलं, बायका कमी पडतात की पट्टी? तिचं जेक आणि एमीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघं अकरा वर्षांची. जेक म्हणतो, चोरावं, पैशापेक्षा जीव मोठा. त्याच्या मते हे माणसांचं गणित आहे. एमी म्हणते, चोरू नये, पण बाईही मरता कामा नये. कर्ज काढता येईल, दुसरा काही मार्ग निघेल. तो तुरुंगात गेला आणि ती पुन्हा आजारी पडली तर तिच्याकडे कोण बघणार? सगळ्यांनी बसून बोलायला हवं. मुलाखत घेणारा तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारतो आणि एमीचा आवाज डळमळत जातो. निकाल: जेक तिसऱ्या-चौथ्याच्या मधे, एमी दुसऱ्या-तिसऱ्याच्या.

मी ही गोष्ट यंदा वर्गात फळ्यावर काही न लिहिता सांगितली. मुलगे म्हणाले, 'मॅडम, पर्याय सांगा ना.' मागच्या बाकावरची एक मुलगी, आठ-आठ दिवस तोंड न उघडणारी, तिने विचारलं, 'त्या बाईला कोणी विचारलं का, तिला काय पाहिजे ते?'

इतकी वर्षं शिकवतेय, हाइन्झची बायको अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही हे कोणत्याही गाइडमध्ये वाचलं नव्हतं. त्या मुलीचं उत्तर कितव्या अवस्थेत टाकायचं? तुम्हाला काय वाटतं?

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचेन.

काडीपैलवान

ताई, लेख छान, पण एवढं आश्चर्य कशाचं? शिकागोच्या पोरांना विचारून जगाची नीती ठरवली, तर असंच होणार. आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी धर्म देश-काल-पात्र बघून ठरवायचे. या शिड्या त्यांनाच लखलाभ.

दगडी_पाटी

थोडं थंड डोक्याने घेऊ या. गिलिगनचं पुस्तक भारी आहे, पण पुरावा म्हणून तोकडं आहे. तिचा मुख्य अभ्यास गर्भपाताचा निर्णय घेणाऱ्या २९ स्त्रियांचा. तुलनेला पुरुष नाहीत आणि त्या प्रश्नात असणारही नाहीत. जेक आणि एमी ही तर दोनच मुलं. त्यावरून 'पुरुषांची नीती न्यायाची, बायकांची काळजीची' असं म्हणायला धाडस लागतं. गिलिगन स्वतः इतकं सरसकट म्हणत नाही, तिचे चाहते म्हणतात.

१९८४ मध्ये लॉरेन्स वॉकरने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. शिक्षण आणि नोकरी सारखी असलेले स्त्री-पुरुष घेतले तर कोलबर्गच्या पट्टीवर फरक जवळजवळ उरतच नाही. म्हणजे आधीच्या अभ्यासांत 'बायका तिसऱ्यावर' दिसल्या, त्यात बाईपणापेक्षा घरी बसवलेलं असण्याचा वाटा मोठा असावा. २००० साली जॅफी आणि हाइड यांनी पुन्हा सगळं गोळा केलं. बायकांचा कल काळजीच्या भाषेकडे आणि पुरुषांचा न्यायाच्या भाषेकडे निघाला, पण अगदी थोडा. दोन्ही भाषा दोघांनाही येतात.

तेव्हा 'वेगळा आवाज' आहे, पण तो बाईचाच आहे हे सिद्ध झालेलं नाही.

कोपऱ्यातली

मी बहुतेक नुसती वाचते, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. हाइन्झ माझ्या टेबलासमोर रोज येऊन बसतो. कधी नवरा असतो, कधी मुलगा, बहुतेक वेळा सून किंवा बहीण. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल आणि इस्टिमेटचा कागद.

मी काय करते? रेशनकार्ड पिवळं की केशरी ते बघते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आहे का विचारते. नसतोच, मग गावाकडे कोणाला तरी फोन. महात्मा फुले योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, नसेल तर निर्धन रुग्ण निधीतून किती, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, दोन-तीन ट्रस्टना पत्रं. मग बिलिंगला जाऊन डिपॉझिट थांबवायला सांगते. डॉक्टरांना गाठून विचारते, हेच इम्प्लांट हवं की स्वस्तातलं चालेल. कधी कधी पेशंटच म्हणते, 'ताई, नको, मला घरी जाऊ द्या.' तेही ऐकावं लागतं. मृद्गंधताईंच्या त्या मुलीने नेमकं तिथे बोट ठेवलंय.

एमी जे म्हणाली ते माझं रोजचं काम आहे, आणि त्याला दुसरी-तिसरी अवस्था! प्रश्न टाळते म्हणे. अहो, चोरी करावी की नाही हे ठरवायला एक मिनिट लागतं. दुसरा मार्ग काढायला तीन आठवडे लागतात.

चहाटळ

कोपऱ्यातली, कोपऱ्यातून बाहेर आलात ते बरं केलंत. तुमच्या कामावर वेगळा धागा काढा.

मृद्गंध

@कोपऱ्यातली, टाळ्या. हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवला तर चालेल ना? कोलबर्गच्या मुलाखतीत 'दुसरा मार्ग नाही' हे आधीच गृहीत धरलेलं. त्याला दोन मूल्यांची टक्कर बघायची होती, म्हणून बाकी सगळे दरवाजे लावून घेतले. प्रयोग म्हणून ठीक आहे, पण दरवाजे ठोठावणारं मूल तिथे अपरिपक्व ठरतं.

@दगडी_पाटी, वॉकरचं मान्य. पण एक शंका. फरक शिक्षण-नोकरीने पुसला जातो, याचा अर्थ पट्टी निर्दोष आहे असा होतो का? की ती पट्टी कचेरीत नियमांशी काम करणाऱ्या माणसाची भाषा मोजते आणि ती भाषा नोकरी करणाऱ्या बाईलाही येते, एवढंच?

गिलिगनबद्दल आणखी एक, कारण आपल्याकडे हे हटकून उलटं वाचलं जातं. तिनेही पायऱ्या सांगितल्यात. आधी स्वतःपुरतं बघणं. मग दुसऱ्यांसाठी झिजणं म्हणजेच चांगुलपणा असं वाटणं. आणि शेवटी, ज्यांची काळजी घ्यायची त्यांत आपणही आहोत हे उमगणं. सगळ्यांचं करून शेवटी उरलंसुरलं जेवणारी बाई तिच्या मते मधल्या पायरीवर आहे, वरच्या नव्हे. मदर्स डेच्या फॉरवर्डमध्ये गिलिगन घालणाऱ्यांनी एवढं बघावं.

दगडी_पाटी

तुमच्या शंकेत दम आहे. पट्टी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, तिच्यावरचा हा एक आरोप टिकत नाही एवढंच म्हणतो. खुद्द कोलबर्गने १९८३ मध्ये टीकाकारांना उत्तर देताना मान्य केलं की काळजी आणि जबाबदारीमुळे नीतीचा परीघ वाढतो. पट्टी बायकांवर अन्याय करते हे मात्र त्याने मानलं नाही.

भुवनकर

बँकेच्या बदलीने काही वर्षं भुवनेश्वरला होतो. जुन्या भागात, लिंगराज मंदिराच्या अंगाला. तेव्हा ठाऊक नव्हतं की मानसशास्त्राच्या पुस्तकांत हा भाग शिकागोच्या हाइड पार्कशेजारी छापला जातो!

रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्रा आणि जोन मिलर यांचा हा अभ्यास, प्रसिद्ध झाला १९८७ मध्ये. ३९ छोटे प्रसंग घेऊन दोन्हीकडच्या मुलांना आणि मोठ्यांना विचारलं, हे चूक का आणि किती चूक. भुवनेश्वरच्या आठ वर्षांच्या ब्राह्मण मुलांनी सगळ्यात गंभीर काय ठरवलं असेल? वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. हाइड पार्कच्या मुलांना यात चूक काय तेच कळेना. विधवेने आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाल्ले, हेही भुवनेश्वरात मोठं पाप, शिकागोत काहीच नाही. उलट वचन मोडणं, निरुपद्रवी जनावराला लाथ मारणं, हे दोन्हीकडे वाईटच.

माझ्या घरमालकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी कोंबडीवाल्या प्रसंगाला मान डोलावली असती आणि 'यात विचारायचं काय' म्हणाले असते. कोलबर्गच्या मते हा नुसता रिवाज, चौथ्याच्याही खालचा. तिथल्या माणसाच्या मते तो रिवाज नाहीच. वडिलांच्या आत्म्याला त्याने गती मिळत नाही, म्हणजे बापाला इजा केल्यासारखं. श्वेडरने पुढे मांडलं की नीतीच्या तीन भाषा असतात: व्यक्तीच्या हक्कांची, समूहातल्या कर्तव्याची आणि पावित्र्याची. कोलबर्गला पहिलीच नीट ऐकू येते.

जोन मिलरनेच नंतर बेर्सॉफबरोबर म्हैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन अशी तुलना केली, १९९२ मध्ये. जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या तुमच्याकडे आहेत, स्टेशनवर पाकीट मारलं गेलं, शेजारच्याच्या कोटात तिकीट दिसतंय. काढावं का? न्यू हेवनकरांचा कल नाहीकडे, म्हैसूरकरांचा होकडे. मित्राचं लग्न अडता कामा नये हे त्यांना मर्जीचं नव्हे, कर्तव्याचं वाटलं.

काडीपैलवान

घ्या! मी काय म्हणत होतो? प्रत्येक संस्कृतीची नीती वेगळी. बाहेरून कोणी पट्टी घेऊन येऊ नये.

सातवी_ड

काडीपैलवान, भुवनकरांनी सांगितलेल्या यादीतला एक प्रसंग राहिला, तो मी सांगते. बायको नवऱ्याने मना केलेलं असताना एकटी सिनेमाला गेली, म्हणून नवऱ्याने तिला काळीनिळी होईपर्यंत मारलं. भुवनेश्वरच्या त्या ब्राह्मण मुलांना यात नवऱ्याचं काही चुकलं असं वाटलं नाही. ही पण संस्कृतीच का? इथेही पट्टी बाहेर ठेवायची?

'आमच्यात असंच असतं' हे वाक्य कोण म्हणतंय ते आधी बघावं. मासे विधवेने खायचे नाहीत आणि ठरवायचं दुसऱ्यांनी. संस्कृती एकमताने बोलत नाही, तिच्यात मार खाणारे आणि मारणारे असतात.

आणि पाचवी-सहावी अवस्था म्हणजे पाश्चात्त्यांची मक्तेदारी हेही मला पटत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचं दहन झालं. सगळी माणसं जन्मतः समान आहेत आणि मरेपर्यंत समान राहतात, असा ठराव त्या परिषदेत झाला. कोलबर्गचा जन्म २५ ऑक्टोबर १९२७ चा. महाडमध्ये हजारो लोक त्याची पाचवी अवस्था रस्त्यावर आणत होते, तेव्हा तो बरोबर दोन महिन्यांचा होता.

काडीपैलवान

तो ठराव फ्रेंच राज्यक्रांतीवरून घेतलेला. शेवटी बाहेरचंच ना?

सातवी_ड

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा आदर्श समोर होता, कोणी नाकारत नाही. पण १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलंय की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली. आता बुद्धही बाहेरचा म्हणणार असाल तर बोलणंच खुंटलं.

भुवनकर

सातवी_ड यांचं बरोबर आहे, तो प्रसंग मी गाळायला नको होता. मात्र त्या अभ्यासात ब्राह्मणांबरोबर दलित वस्तीतल्या लोकांच्याही मुलाखती होत्या, हे श्वेडरच्या बाजूने नोंदवतो. गाजला तो ब्राह्मण मुलांचा क्रम, कारण त्याने अमेरिकन वाचक दचकतो.

पुरवणी

उशिरा आले, पण हा धागा सोडवेना. सगळे 'बायका म्हणजे नाती, पुरुष म्हणजे नियम' या अंगाने बोलताहेत, म्हणून दोन उलटी उदाहरणं.

पहिलं द्यूतसभेचं. द्रौपदीने काय विचारलं? स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का? हा शुद्ध कायद्याचा मुद्दा, मालकी आणि अधिकाराचा. आणि तिथले ज्ञानी पुरुष काय करतात? भीष्म म्हणतात धर्माची गती सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही. बाकीचे कोणाचे काका, कोणाचे गुरू, कोणाचे मिंधे म्हणून गप्प. न्यायाची भाषा बाईच्या तोंडी आणि नात्यागोत्याची मौनं पुरुषांकडे. विकर्ण तेवढा बोलला, त्यालाही कर्णाने गप्प केलं.

आता इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये काय म्हटलंय ते आठवा. त्यांना द्रौपदीचा हा प्रश्न घोडचूक वाटतो. अशा वेळी पंडितासारखा कायद्याचा कीस काढायचा नसतो, क्षत्रियांच्या धर्माची आण घालून दया मागायची, असा त्यांचा रोख. एवढ्या मोठ्या मानवशास्त्रज्ञ, स्वतः कोणाची भीड न ठेवणाऱ्या, आणि सल्ला मात्र तिसऱ्या अवस्थेचा! की त्यांना त्या सभेची नाडी बरोबर कळली होती? मला अजून ठरवता आलेलं नाही. द्रौपदी चुकली असं मात्र मला वाटत नाही. त्या प्रश्नाने सभा अडली, हे तर खरं.

दुसरं उदाहरण आपल्या बुलढाण्याचं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या नीतीचे वाभाडे निघू लागले. त्याला ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. त्या कुठे म्हणतात की बायकांचा आवाज हळुवार असतो, त्यांना समजून घ्या? त्यांचा सवाल सरळ आहे. जे दोष बाईचे म्हणून मोजता, ते पुरुषात नाहीत का? बायको मेल्यावर तुम्ही दुसरी करता, मग तिलाच का कोंडता? एकच माप दोघांना लावा. कोलबर्ग असता तर पाचवी देऊन मोकळा झाला असता.

म्हणून मला वाटतं की आवाज बाईचा-पुरुषाचा नसून जागेचा असतो. ज्याला दुसऱ्याच्या मर्जीवर जगायचंय तो नाती सांभाळतो. सासरी आलेली सून असो की साहेबाच्या हाताखालचा कारकून. आणि सहनशक्ती संपली की तोच माणूस हक्काच्या भाषेत बोलायला लागतो.

दगडी_पाटी

पुरवणी, तुमच्या 'जागे'ला आधार आहे. कॅरल स्टॅक या मानवशास्त्रज्ञाने अमेरिकेत उत्तरेकडून दक्षिणेतल्या आपल्या गावी परतलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत हेच तपासलं. तिथे काळजी आणि न्याय या बाबतीत स्त्री-पुरुषांत फरक दिसला नाही. गरिबीत दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही.

टीईटी_योद्धा

सर्व ताई-दादांना नमस्कार. चर्चा खूप वरची आहे. पण परीक्षेत 'कोहलबर्गच्या सिद्धांतावर कोणती टीका केली जाते' असं आलं तर कोणता पर्याय निवडावा? एका गाइडमध्ये लिंगभेद आहे, दुसऱ्यात संस्कृतीभेद.

मृद्गंध

@टीईटी_योद्धा, दोन्ही बरोबर आहेत, पर्यायांत सहसा दोन्हींपैकी एकच दिलेला असतो. पर्यायांत 'पुरुषप्रधान नमुना' किंवा 'स्त्रियांचा दृष्टिकोन दुर्लक्षित' दिसलं तर ते गिलिगनचं. 'पाश्चात्त्य मूल्यांवर भर' असेल तर तो श्वेडर आणि मंडळींचा आक्षेप. तिसरीही टीका विचारतात: तर्क आणि वर्तन यांत अंतर असतं, पाचव्या अवस्थेचं बोलणारा माणूस पाचव्या अवस्थेसारखं वागेलच असं नाही. आणि कोलबर्ग हा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या पुढे गेला हे लक्षात ठेवा. पियाजेने १९३२ मध्ये स्वित्झर्लंडच्या मुलांच्या गोट्यांच्या खेळावरून सुरुवात केली होती. मुलींना नियमांच्या काटेकोरपणात कमी रस असतो हे त्याच्याही लेखी कमीपणाचंच होतं. रोग जुना आहे.

चहाटळ

आमच्या गल्लीत गोट्यांचे नियम दर डावाला बदलायचे आणि बदलणारे सगळे मुलगे होते. पियाजे आमच्याकडे यायला हवा होता.

दगडी_पाटी

कोलबर्गला आता बरंच झोडपून झालं, तर त्याच्या बाजूने थोडं. तो न्यायावर एवढा का अडून बसला? महायुद्धानंतर तो व्यापारी जहाजावर होता. १९४७ च्या सुमारास युरोपातून जीव वाचवून निघालेल्या ज्यू निर्वासितांना ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून पॅलेस्टाइनला पोचवणाऱ्या जहाजावर त्याने काम केलं. पकडला गेला, सायप्रसच्या छावणीत राहिला. कायदा मोडून माणसं वाचवलेली होती. त्याच काळात न्यूरेंबर्गला नाझींवरच्या खटल्यात लोक सांगत होते, आम्ही वरून आलेला हुकूम पाळला. चौथी अवस्था शेवटची नाही, तिच्या वर काही असायला हवं, हा हट्ट शिकागोच्या वर्गात जन्मलेला नाही. 'सगळे तसंच करतात' आणि 'कायदाच आहे तसा' यातून किती माणसं मारली जातात ते त्या पिढीने पाहिलं होतं. सातवी_ड म्हणतात तोच मुद्दा.

त्याने बाहेर जाऊन बघितलंच नाही असंही नाही. तुर्कस्तानच्या खेड्यात, तैवानमध्ये मुलाखती झाल्या. पोटाचा जो आजार त्याला आयुष्यभर छळत राहिला तोही १९७१ मध्ये बेलीझमध्ये अशाच अभ्यासाला गेला असताना जडला. १९८५ मध्ये जॉन स्नेरीने २७ देशांतले ४५ अभ्यास तपासले. पहिल्या चार अवस्था जवळपास सगळीकडे त्याच क्रमाने सापडतात. हे लहान काम नाही. पाचवी मात्र शहरी, शिकलेल्या लोकांत थोडीफार सापडते आणि खेड्यांत जवळजवळ नाहीच. यावर स्नेरीचंही म्हणणं होतं की खेड्यातले लोक कमी पडतात असं नाही, त्यांची वरच्या दर्जाची उत्तरं पुस्तिकेत बसत नाहीत. इस्रायलच्या किबुत्झमधल्या, म्हणजे सामूहिक वसाहतीतल्या, लोकांचं समूहाच्या सुखाचं तत्त्व असंच बाहेर राहिलं. १९८७ मध्ये ज्योत्स्ना वासुदेव यांच्या भारतातल्या अभ्यासातही तेच आलं. लोक 'जीव मोलाचा' म्हणताना जनावरांचाही जीव धरत होते. त्याला रकाना नव्हता.

काडीपैलवान

बरं बाबा, जनावरं धरली म्हणजे आपलीच बाजू थोडी वर. 😄

एक मात्र राहिलं. @कोपऱ्यातली, तुमच्या कामाला सलाम, पण 'बसून बोलू' याने किती औषधवाले वठणीवर येतात? दहा पटीने विकणाऱ्याशी काय बोलणार? तिथे कायद्याचा दांडकाच लागतो. म्हणजे शेवटी जेकच बरोबर.

कोपऱ्यातली

दांडका लागतो, नाही म्हणत नाही. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, ही योजना कोणाच्या दयेने आलेली नाही. लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले, २००६ मध्ये आदेश झाला. बिलांच्या रकमेतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे हेही त्यातच. तो आदेश नसता तर माझी खुर्चीच नसती.

पण आदेश आहे म्हणून खाट मिळते असं समजू नका. मागच्या महिन्यातलीच गोष्ट. ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलतेय. एक बाई, नवऱ्याच्या ॲंजिओप्लास्टीसाठी. कोट्यातली खाट रिकामी, कागदावर सगळं नीट, पण रेशनकार्ड दिराच्या नावावर. दीर आणि हे वेगळे राहतात, सात वर्षं बोलणं नाही. नियमाने अर्ज बाद. मी दिराला फोन लावला, त्याने ठेवला. पुन्हा लावला. मग त्याच्या बायकोशी बोलले. ती म्हणाली, 'भाऊजी आजारी आहेत हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.' दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी एसटीने आली, कार्ड आणि नवऱ्याच्या सहीचं पत्र घेऊन. दीर आला नाही.

यात न्याय किती आणि काळजी किती ते तुम्ही ठरवा. दगडी_पाटी यांना रकाना सापडला तर मलाही कळवा. आमच्या मासिक अहवालात 'समुपदेशन' एवढा एकच आहे, त्यात दिरालाही घालते आणि जावेलाही.

मृद्गंध

त्या जावेला कोणी विचारलं नव्हतं, विचारल्याबरोबर ती आली. उद्या वर्गात हाइन्झऐवजी हीच केस ठेवते. अर्ज बाद करणाऱ्या क्लार्कच्या बाजूने बोलायलाही दोघांना उभं करीन, नाहीतर सगळे जावेच्याच बाजूने जातील.

सातवी_ड

क्लार्कच्या बाजूला काडीपैलवानांना पाठवा.